माझी मैना (छक्कड)

शाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी मराठी भाषकांचे एक राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात रचलेली छक्कड. छक्कड हा तमाशाच्या फडात गायिला जाणारा, लावणीच्या कुळातला गीतप्रकार होय. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबई गाठलेल्या मजुराचे विरहगीत असे या रचनेचे दर्शनी रूप आहे. पुढे मात्र हीच ताटातूट मराठी मुलखाच्या ताटातुटीचे रूपक बनते. कर्ता ज्ञात असल्याने काटेकोर अर्थाने तिला लोकगीत म्हणता येत नाही, तथापि कर्त्याचे नाव ठाऊक नसलेल्यांच्या तोंडीही ती रुळल्यामुळे तिचा संचार लोकगीतासारखाच झाला.

सांगली जिल्ह्यातील वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणीच आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आले, पडेल ते काम करीत गिरणीत लागले आणि कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. छक्कडीतील मजूर ज्या जगाचा आहे ते जग कवीने असे आतून पाहिले होते. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी कामगार चाळीतल्या एकाच गाळ्यात दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरते काम मिळणाऱ्याला, सकाळी गिरणीच्या दारात ताटकळावे लागे. एवढ्या मिळकतीत शहरात बिऱ्हाड थाटणे बहुतेकांना परवडत नसल्याने बायको गावी शेतीभाती आणि म्हातारी माणसे सांभाळी. छक्कडीतला विरह हा दैवाचा किंवा रुसव्याफुगव्याचा नसून मजुरीच्या दराचा आहे, आणि शृंगारिक लावणीतील विरहाहून तो वेगळा ठरतो तो येथेच.

निरोपाचा प्रसंग कवीने बारकाईने रंगविला आहे. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधला जातो, बायको गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला येते आणि तिथे तिचा धीर सुटतो. तिला हसविण्यासाठी नवरा दागिन्यांची आश्वासने देऊ लागतो: शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ. ही यादी लांबते तसा तिचा अर्थ पालटत जातो, कारण घरच्या गरिबीमुळेच जो बाहेर पडतो आहे त्याने सोन्याने मढविण्याची बोली करावी यातला पोकळपणा श्रोत्याला कळत असतो आणि बहुधा तिलाही कळलेला असतो. ती हसत नाही. सगळे बोलणे नवऱ्याचेच आहे. मैनेच्या, म्हणजे या बायकोच्या, तोंडी कवीने काही घातलेले नाही, तरीही तिचे न हसणे हेच या रचनेतले सर्वांत परखड विधान आहे.

मुंबईत पोचल्यावर हा मजूर बेकारांच्या गर्दीत मिसळतो आणि तेथून निवेदनाला राजकीय वळण लागते. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ मधील अहवालानंतर उसळलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरणी कामगार आघाडीवर होते. गावी राहिलेल्या मैनेप्रमाणेच बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव आणि तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेला गोवा हे प्रदेश महाराष्ट्राला दुरावल्याची खंत शाहीर मांडतो आणि श्रोत्यांना लढ्याचे आवाहन करतो.

हे रूपक सर्वांगाने जुळते असे नाही. मजुराची ताटातूट दारिद्र्याने केली, तर मुलखाची सरकारी निर्णयाने. राज्याची हद्द बदलल्याने गाळ्यातला माणूस आपोआप बायकोपाशी पोचणार नव्हता. तरीही रूपक पटते ते पूर्वार्धामुळे: नकाशावरची तक्रार ज्याला परकी वाटली असती त्या श्रोत्याला ती आपल्या घरच्या दुःखाच्या मापाने मोजता येते. म्हणून मैना म्हणजे सीमाभाग एवढाच अर्थ सांगणारी स्पष्टीकरणे अपुरी आहेत. त्यांत मजूर हरवतो.

बहुतेक ओळी ‘ची’ या षष्ठीच्या प्रत्ययावर संपत असल्याने दागिने, माणसे व गावे एकाच यमकाच्या साखळीत ओवली जातात आणि डफ-ढोलकीच्या ठेक्यावर रचना झपाट्याने पुढे सरकते. धृपद उचलून धरणाऱ्या झीलकऱ्यांमुळे एकट्या मजुराची व्यथा सामुदायिक होते. पुढच्या काळात शाहीर विठ्ठल उमप यांच्या गायनातून ही छक्कड नव्या पिढ्यांपर्यंत पोचली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. बेळगाव, कारवार आणि निपाणी मात्र तत्कालीन म्हैसूर राज्यातच राहिले. त्यामुळे सीमाप्रश्नाच्या संदर्भात छक्कडीचा उत्तरार्ध अद्याप कालबाह्य झालेला नाही, तर पूर्वार्ध वेगळा काढून गायिला की ती निव्वळ प्रेमगीत म्हणून ऐकली जाते.