माणसाएवढा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लहानपणी दर्यापुरात चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. कागद साधारण ११ बाय १५ इंचांचा. त्यावर फुलदाणी, बादली-तांब्या, फार तर बैलजोडी. दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड मिळाली, तेव्हा वाटले, आपल्याला चित्रकला आली. बनोसा स्टेशनवर मी शकुंतलेत बसलो, मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडली आणि मुंबईला एका कला महाविद्यालयात दाखल झालो. ती छोटी गाडी आता बंद आहे.

पहिली दोन वर्षे लहान कागदावर निभावली. तिसऱ्या वर्षी सरांनी भिंतीला पुरुषभर उंचीचा कागद लावला आणि म्हणाले, “आज माणूस माणसाएवढा काढायचा.” समोर चौथऱ्यावर एक बाई उभ्या होत्या. मी सवयीप्रमाणे डोळ्यापासून सुरुवात केली. मनगट फिरवत नाक, ओठ, गळा असा खाली उतरलो. गुडघ्यापर्यंत पोहोचलो आणि कागद संपला. पावले कागदाबाहेर राहिली.

सर एवढेच म्हणाले, “मागे या. आणखी मागे.” दहा पावले मागे गेल्यावर मला माझी चूक दिसली. मोठ्या कागदाला चिकटून उभे राहिले की वरचा भाग डोळ्यांसमोर असतो, खालचा तिरका दिसतो, आणि मग पाय नकळत लांबत जातात. म्हणून आधी डोके आणि टाच यांच्या खुणा करायच्या, मधोमध कमरेखालची खूण, मग डोक्याच्या मापाने साधारण साडेसात भाग. गवंड्यासारखा ओळंबा धरायचा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याची खोबण बहुधा त्याच पायाच्या घोट्यावर येते. आणि कोळसा मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. ज्या कामात अंग हलते, त्याचीच रेषा मोठी होते, हे मला तेव्हा कळले.

हे शिक्षण आपल्याकडे आले कसे? मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले १८५७ मध्ये. तिथे विद्यार्थी बराच काळ ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून हात बसवीत. मोठ्या आकाराचा खरा धडा मिळाला तो अजिंठ्यात. त्याआधी १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षे नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम करीत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. अंधाऱ्या लेण्यात, उंच भिंतीपुढे उभे राहून या मुलांनी माणसाच्या मापाच्या आकृती उतरवल्या. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. चित्रे जळाली, पण हातांना लागलेले वळण राहिले.

१९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन या संस्थेत आले आणि जिवंत मॉडेलवरून देहचित्रणाचा रीतसर वर्ग सुरू झाला. पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्ग निघाला. हे दोन्ही जोडीने आले, यात मला मोठा अर्थ दिसतो. भिंतीवर माणूस उभा करायचा तर आधी तो समोर उभा राहिलेला पाहायला हवा. पुढे दशकाच्या अखेरीस याच मुंबईच्या चित्रकारांनी नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या दालनांत भित्तिचित्रे रंगवली. त्या वेळी टीकाही झाली. पाश्चात्त्य पद्धतीने देह काढायला शिकवले तर भारतीय कला बिघडेल, असे बंगालकडच्या मंडळींना वाटे. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

खेड्यातल्या मुलाला मात्र मोठा आकार परका नसतो. अलिबागजवळच्या सासवण्यात विनायक करमरकर नावाच्या मुलाने मंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले आणि मुलाला जे. जे.त जाण्याची वाट करून दिली. त्याच करमरकरांनी पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला. १९२८ मध्ये उभा राहिलेला तो पुतळा साडेतेरा फुटांचा आहे.

या इतिहासात चित्रकारांची नावे आहेत, मुख्याध्यापकांची आहेत, गव्हर्नरांचीही आहेत. चौथऱ्यावर उभे राहिलेल्यांची नावे मात्र शोधावी लागतात. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटाने मराठी प्रेक्षकांना प्रथमच अशा बाईच्या घरात नेले. मला तेव्हा माझा तिसऱ्या वर्षाचा वर्ग आठवला, आणि त्याहून अधिक त्या दिवाळीची सुटी आठवली.

त्या सुटीत मी ओसरीच्या भिंतीला खाकी कागद चिकटवून आईला उभी केली होती. ती दिवसभर कापूस वेचून आली होती. कमरेचा ओटा नुकताच सोडलेला. पाऊण तास ती हलली नाही. मुंबईत असेच कोणी आमच्यापुढे उभे राहते, हे मी चाचरत सांगितले. कपड्यांचेही सांगून टाकले. वाटले, आता चिडेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दिवसभर उभं राह्यनं, हे बी कामच आहे बाप्पा. अन् मजुरी किती भेटते तिले?”

मला सांगता आले नाही. तीन महिने मी त्या बाईंचे पाय मोजत होतो, खांदे मोजत होतो. हे विचारायचे सुचलेच नव्हते.

मुंबईला परतल्यावर मी आधी ते विचारले. मग कागद लावला, आणि मागे जाऊन उभा राहिलो.