वाटाण्याचा अंकुर आणि लुकलुकणारा उजेड

१/ ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रीकरण केले होते. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो, तोच हा प्रकार. अशी चित्रे जोडली की उजेड मध्येच लुकलुकतो, ही आजही सर्वांची डोकेदुखी आहे. तिचे मूळ शोधत १९१२ सालात जाऊ या. (थ्रेड)

२/ त्या वर्षी फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. तेथे त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती जवळून पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. परतल्यावर प्रश्न उरला भांडवलाचा. जे कुणी पाहिलेच नाही, त्यावर पैसा कोण लावणार?

३/ त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि सुमारे महिनाभर चित्रे घेतली. बी रुजले, अंकुर फुटला, वेल चढला. हे सारे मिनिटाभराहून थोड्या अधिक लांबीच्या फितीत मावले. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’.

४/ ‘रोज एकच चित्र घेतले’ अशी कथा प्रचलित आहे. तिची चाचणी साध्या गणिताने होते. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी धरला, तर एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. ३० चौकटींत दोन सेकंदही भरत नाहीत! म्हणजे दिवसाला सरासरी तीसएक चौकटी हव्यातच.

५/ खरी अडचण येथे सुरू होते. सकाळ, दुपार, ढगाळ दिवस यांचा प्रकाश वेगवेगळा. पडद्यावर मात्र हे सारे क्षण एकमेकांना खेटून येतात. त्यातच तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. एकेक चौकट घेताना हात किंचित मंदावला, तरी फितीवर अधिक प्रकाश पडे.

६/ पुढे अंधारखोली. रसायनाचे तापमान किंवा वेळ बदलली की फितीची गडदता बदलते. प्रत छापताना एकेका दृश्यासाठी प्रकाश कमीजास्त करता येई. पण चौकटीगणिक दुरुस्ती व्यवहारात शक्य नव्हती. दोष टाळायचा तो चित्र घेतानाच.

७/ आज हात गेला, यंत्र आले. दोष मात्र राहिला. समजा, फुटाळा तलावावरचा सूर्यास्त टिपायचा आहे. भिंगाची पाती प्रत्येक चित्राला मिटतात, पण दर वेळी तंतोतंत तेवढीच मिटत नाहीत. कॅमेरा स्वयंचलित असेल, तर तोही दर वेळी नवा निर्णय घेतो. परिणाम एकच : लुकलुक.

८/ दुसरा दोष पायरीचा. अंधारू लागल्यावर आपण एक्स्पोजर तृतीयांश स्टॉपने वाढवतो. प्रकाश एकदम सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो आणि आकाश गचकन उजळते. संपादनात आधी या पायऱ्या शोधाव्यात. बदलानंतरचे चित्र तेवढेच उतरवावे आणि पुढच्या पायरीपर्यंत ती दुरुस्ती हळूहळू शून्यावर आणावी.

९/ मगच डीफ्लिकर. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीची सरासरी उजळता मोजते, शेजारच्या चौकटींवरून एक सलग रेषा काढते आणि फरक भरून काढते. मोजणीसाठी चित्राचा स्थिर भाग निवडावा. नाहीतर मधूनच गेलेली पांढरी बस गणित बिघडवते आणि उगाच सारे चित्र काळवंडते.

१०/ ढगाची सावली मात्र दोष नव्हे. ती घडलेली गोष्ट आहे. रेषा फार सपाट केली, तर सावली जाते आणि सूर्यास्तही. म्हणून शक्य तेवढे उगमापाशीच सांभाळावे : मॅन्युअल मोड, व्हाइट बॅलन्स स्थिर, भिंग शक्यतो पूर्ण उघडे, चित्रे रॉ स्वरूपात.

११/ फाळक्यांनी ही फीत मोजक्या लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसाठी खुला झाला. पडद्यावर राजा येण्यापूर्वी एका वाटाण्याने त्याची पत निर्माण केली होती.