मेलेला गडी परत कसा येतो

खेळात गड्याचा जीव केवढा, तो कधी जातो आणि गेलेला परत मिळतो का, हे कोणताही खेळ रचणाऱ्याला आधी ठरवावे लागते. टेबलाभोवती बसून, कागदावर पात्र रचून खेळायच्या भूमिका-खेळांत याचे उत्तर आकड्यात देतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला फासे टाकून काही ‘हिट पॉइंट’ मिळतात, घाव बसेल तसे ते घटतात आणि त्या पहिल्या आवृत्तीत ते शून्यावर आले की पात्र मरत असे. आधीच्या युद्धखेळांत एकाच फटक्यात सैनिक पटावरून उठे. खेळणाऱ्यांचा आपल्या पात्रात जीव गुंतू लागला, तेव्हा ते असे पटकन गमवायला कुणी तयार होईना. म्हणून आर्नेसनने आरमारी युद्धखेळातली हिशेबाची रीत माणसाला लावली. आज या प्रश्नावर जगभर जी चर्चा होते, ती बहुतेक इथूनच सुरू होते. माझे म्हणणे असे की हाच प्रश्न त्याच्या निदान पन्नास वर्षे आधी महाराष्ट्रात छापील नियमांपर्यंत पोचला होता आणि त्याचे उत्तर अगदी वेगळ्या दिशेने शोधले गेले होते. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या मधल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात, तसेच सगळ्या देशावर, जो हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, खेळला जाई, त्यात हे उत्तर आहे.

हुतूतूत जीव अखंड असतो. चढाईवाला हात लावून आपल्या हद्दीत परतला की गडी मेला. अर्धा मेला, जखमी झाला, असे काही नाही. म्हणून ‘जीव किती’ हा प्रश्न तिथे उरत नाही. मेलेल्याचे पुढे काय, हा उरतो. त्याची तीन उत्तरे लोकांनीच तयार केली होती आणि त्यावरून खेळाचे तीन प्रकार पडले. ‘अमर’ प्रकारात मेलेला गडी मैदान सोडतच नाही. समोरच्यांना गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. ‘गामिनी’त मेलेला बाहेर बसतो तो संघातला शेवटचा गडी बाद होईपर्यंत, मग लोण चढतो आणि सगळे पुन्हा उभे राहतात. ‘संजीवनी’त आपल्या संघाने समोरचा एक मारला की आपला एक उठतो. अमरमध्ये मरणाला किंमतच नाही. गामिनीत ती इतकी आहे की डावाच्या सुरुवातीलाच बाद झालेल्या पोराच्या वाट्याला फक्त बघणे येते. संजीवनीत मरण खरे आहे, पण शेवटचे नाही, आणि ते मागे फिरवायची ताकद मेलेल्याच्या स्वतःच्या हातात अजिबात नाही.

१९२१ साली महाराष्ट्रात या खेळाचे नियम बांधले गेले, तेव्हा संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालण्यात आला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला पदकाचा मान मिळाला. या सगळ्या प्रवासात अमर मागे पडला. संजीवनीचे पुनरागमन आणि गामिनीतला लोण मात्र एकाच नियमावलीत टिकले. बारामतीला या कल्पनेचे वेगळे अप्रूप असायला हरकत नाही. कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला गेला, ही महाभारताच्या आदिपर्वातली कथा खेळाच्या भाषेत अगदी स्वच्छ आहे: असुरांचे मेलेले उठतात, देवांचे उठत नाहीत, म्हणून सामना बरोबरीचा होत नाही. ते संपूर्ण महाभारत मराठी आर्यांत आणणारे मोरोपंत बारामतीतच राहिले. पुढच्या काळात याच गावच्या शरद पवारांनी राज्याच्या कबड्डी, खो-खो आणि कुस्ती या तिन्ही संघटनांचे अध्यक्षपद सांभाळले.

कुणी म्हणेल, हा केवळ गुण मोजण्याचा प्रकार आहे. त्याला ‘जीव’ म्हणणे ओढूनताणून आहे. तसे असते तर अमर आणि संजीवनी यांत काही फरकच पडला नसता, कारण गडी बाद केल्याचा गुण दोन्हीकडे मिळतो. पण संजीवनीत सातातले चार बाहेर गेले की उरलेल्या तिघांना तेच दहा मीटर रुंदीचे मैदान राखावे लागते, साखळी तुटते, कोपरे उघडे पडतात. फलकावरचा आकडा असा परिणाम करू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भूमिका-खेळात मरते ते कल्पनेतले पात्र, कबड्डीत मात्र खरा माणूस रेषेबाहेर जाऊन बसतो, तेव्हा या दोहोंची तुलना कशी करायची? पण गायगॅक्सने स्वतःच १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात स्पष्ट केले की हिट पॉइंट म्हणजे नुसते रक्तमांस नव्हे. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा सगळे आले. म्हणजे तिथेही मोजला जातो तो खेळात उभे राहण्याचा हक्क. मोजायची वस्तू एकच आहे. ती कुठे ठेवायची, यावर दोन्ही खेळ वेगळे होतात. एकाने ती ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिली, दुसऱ्याने संघात ठेवली.

भूमिका-खेळातही सोबती मेलेल्याला मंत्राने उठवतो, हे खरे. पण तिथे कुणाला उठवायचे हे उठवणारा ठरवतो. कबड्डीत आधी मेला तो आधी उठतो. संघाचा सर्वांत नावाजलेला चढाईवाला चौथा बाद झाला असेल, तर त्याच्या आधीचे तिघे उठेपर्यंत त्याने थांबायचे. कर्णधारालाही ही रांग मोडता येत नाही. मला हा नियम या खेळातला सर्वांत थोर नियम वाटतो. त्यात नवख्या पोराचा जीव आणि मुरब्बी गड्याचा जीव एकाच मोलाचा धरला आहे. पात्र जसजसे वरच्या पायरीवर जाते तसतसे त्याचे हिट पॉइंट वाढवणाऱ्या खेळात हे शक्यच नाही.

चढाईवाल्यापुरते मात्र जुन्या हुतूतूत एक माप शरीरातच होते: दम. समोरच्या हद्दीत दम तुटला की तो बाद. इथे फासे नव्हते, आकडाही नव्हता. ज्याची छाती जेवढी, तेवढे त्याचे आयुष्य. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. दम खरोखर तुटला की चोरून घेतला, यावरून होणारी भांडणे त्यामुळे कमी झाली, आणि न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तरी पल्लेदार दमाच्या गड्याला निसर्गाने दिलेले जास्तीचे आयुष्य घड्याळाने काढून घेतले, हे मान्य करायला हवे. कुस्तीत हा बदल पुरता झालेला नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण आले, पण बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या जत्रांत, नारळावरच्या लहान पोरांच्या जोडीपासून शेवटच्या इनामी लढतीपर्यंत, लोकांना लाल मातीतली निकाली कुस्तीच हवी असते. पाठ टेकली की संपले; त्याआधी कितीही फरफट झाली तरी मल्ल पुरा जिवंत.

कबड्डीने घड्याळ पत्करले, मातीऐवजी मॅट पत्करली, नवे गुणही पत्करले. बोनस रेषा ओलांडली तर गुण मिळतो. तीन किंवा कमी गड्यांनी चढाईवाला पकडला तर एक जादा गुण मिळतो. लोणाचे दोन तर आहेतच. पण बोनसवर कुणी उठत नाही, आणि त्या जादा पकडीच्या गुणावरही नाही. लोण चढला नाही, तर बाहेर बसलेला गडी आत येतो तो समोरचा एक गडी बाद झाल्यावर, आणि तेही आपली पाळी असेल तरच.