नवरीच्या तोंडची मंगलाष्टके

लग्न ‘आपल्या पद्धतीने’ करायचे म्हटले की आज बोलणे पत्रिकेच्या नमुन्यापासून सुरू होते आणि रिटर्न गिफ्टपाशी संपते. हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मराठी मुलखातला सर्वांत कल्पक लग्नाचा बेत मला २५ डिसेंबर १८७३ च्या पुण्यात दिसतो. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे लग्न त्या दिवशी भटजीवाचून लागले. पुढाकार सावित्रीबाई फुल्यांचा, खर्च पानसुपारीपुरता. काटकसरीचा नमुना म्हणूनच ते बहुधा सांगितले जाते, आणि तसे सांगितले की त्यातला मोठा भाग हातचा निसटतो. लग्नापायीच कुणबी कर्जात बुडतो, हे त्या काळी साहेब आणि सावकार दोघेही म्हणत; मात्र सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाने लग्नखर्चावर अवाजवी भर दिला जातो, असा शेरा मारला. तेव्हा प्रश्न नुसत्या पैशाचा असता, तर मानपान आणि जेवणावळी आटोपत्या घेऊन भागले असते.

जोतीरावांनी हात घातला तो विधीच्या गाभ्याला. त्यांची मंगलाष्टके १८८७ साली पूजाविधीच्या पुस्तिकेत छापली गेली. एरवीच्या लग्नात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे जीव गप्प उभे असतात. बोलतो तिसराच, आणि तेही संस्कृतात. इथे नवरा-नवरी मराठीत, आळीपाळीने बोलतात. बायकांच्या वाट्याला स्वातंत्र्य आलेच नाही, हे नवरी सांगते आणि हक्क मागते; ते मिळवून देण्यासाठी झटेन, अशी शपथ नवरा घेतो. पाहुणेही मग नुसते अक्षता टाकणारे राहत नाहीत, ऐकलेल्या शब्दांचे साक्षीदार होतात. जुने मोडायचेच होते तर मंगलाष्टकांचा साचा तरी का ठेवला, असे कुणी विचारील. मला तो साचा ठेवण्यातच शहाणपण दिसते. लग्न लागले की नाही हे शेवटी मांडवातले चार लोक ठरवतात, आणि त्यांना ओळखीचे काहीच सापडले नाही तर पोरीचा संसार पुढे गावाच्या तोंडी लागतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: नवरीच्या तोंडच्या ओळीही एका पुरुषानेच रचून दिल्या होत्या. हे खरेच आहे. तरी सासर-माहेरच्या देखत मोठ्याने केलेली मागणी, पाठ केलेली का असेना, परत घेता येत नाही.

हा सगळा घरगुती मामला, त्यात इतिहास तो काय, असे म्हणणाऱ्यांनी जुन्नरजवळच्या ओतूरकडे पाहावे. तिथे बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्ने ग्रामजोशाला न बोलावता लावली. बोलावणे नसतानाही दक्षिणा आपल्या हक्काची आहे म्हणून जोशांनी कोर्ट गाठले आणि वाद हायकोर्टापर्यंत गेला. आपल्या मांडवात कोणी बोलावे हे यजमानाने ठरवायचे, एवढी साधी गोष्टसुद्धा तेव्हा जोशांच्या वतनाच्या आड येत होती. मुंबई इलाख्यात असल्या हक्काची दक्षिणा कायद्याने रद्द व्हायला १९२६ साल उजाडले.