पस्तीस वर्षांनी परतलेला आवाज आणि रिकामी राहिलेली एक जागा

(१)
जून २०१३. ब्रिटनच्या अल्बम-यादीत 'थर्टीन' हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तो करणारे तिघेही साठी ओलांडलेले होते. ब्लॅक सॅबथ या त्यांच्या बँडने याआधी हे स्थान मिळवले होते ते १९७० मध्ये, 'पॅरानॉइड'मुळे. मध्ये सुमारे ४३ वर्षे गेली. या पुनरागमनाचा इतिहास मात्र स्टुडिओत नव्हे, कारखान्यात सुरू होतो. 🧵

(२)
बर्मिंगहॅम हे इंग्लंडचे धातुउद्योगाचे शहर. त्यातला ॲस्टन हा कामगारवस्तीचा भाग. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या या वस्तीत टोनी आयोमी, ऑझी ऑसबोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे चौघे वाढले. ऑझीने काही काळ कत्तलखान्यात काम केले होते. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता.

(३)
सतराव्या वर्षी, कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा तो याच हाताने दाबत असे. वादन संपले, असे त्याने जवळजवळ मानले होते.

(४)
तेव्हा कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजल्यामुळे या थोर गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळपास निकामी झाली होती, तरीही तो वाजवत राहिला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली आणि त्यांवर चामडे चिकटवले.

(५)
जाड तारा दाबताना वेदना होत, म्हणून त्याने पातळ तारा लावल्या. पुढे, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'च्या सुमारास, तारांचा ताण सैल करून त्याने गिटार खालच्या स्वरात लावली. हाताला आराम मिळाला आणि आवाज अधिक जड, अधिक काळोखा झाला. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या जडणघडणीत एका औद्योगिक अपघाताचा असा थेट वाटा आहे.

(६)
बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य ध्वनिमुद्रण साधारण एका दिवसात उरकले होते. त्याची सुरुवात पाऊस, मेघगर्जना आणि चर्चच्या घंटेने होते. ही घंटा ध्यानात ठेवावी. तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

(७)
त्यानंतरचे दशक यशाचे आणि व्यसनांचेही होते. १९७८ च्या 'नेव्हर से डाय!'नंतर, १९७९ मध्ये ऑझीला बँडमधून काढण्यात आले. रॉनी जेम्स डिओ आला. पुढे गायक बदलले, ढोलवादक बदलले. या साऱ्या काळात अखंड टिकलेला सदस्य एकच, आयोमी. नाव तेच राहिले, माणसे बदलत गेली.

(८)
१९९७ मध्ये मूळ चौघे पुन्हा रंगमंचावर एकत्र आले. परंतु संपूर्ण नवा अल्बम काही झाला नाही. अखेर ११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये चौघांनी तशी घोषणा केली. निर्माता ठरला रिक रुबिन. अवघ्या दोन महिन्यांत आयोमीला लिंफोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, असल्याचे जाहीर झाले.

(९)
आयोमीचे उपचार इंग्लंडमध्ये चालणार होते. म्हणून अमेरिकेत ठरलेले काम इंग्लंडला, त्याच्याजवळ हलवण्यात आले. उपचारांच्या फेऱ्यांमधून गाणी रचली गेली. नंतर कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रण झाले. रुबिनने त्यांना पहिला अल्बम ऐकवला आणि त्याच्यानंतर लगेच आलेला अल्बम कसा असता, असा विचार करण्यास सुचवले.

(१०)
मात्र फेब्रुवारी २०१२ मध्येच चौथा माणूस बाजूला झाला होता. स्वाक्षरी करण्याजोगा करार मिळत नसल्याचे बिल वॉर्डने जाहीर केले. पुढे ऑझीने त्याच्या शारीरिक क्षमतेविषयी शंका व्यक्त केली. वॉर्डला ती मान्य नव्हती. अल्बमवर ढोल वाजवले ते 'रेज अगेन्स्ट द मशीन'च्या ब्रॅड विल्कने.

(११)
हा तपशील किरकोळ नाही. जॅझ ऐकत वाढलेल्या वॉर्डच्या ठेक्यात एक झोका होता, आणि आयोमीच्या जड स्वरांना त्यानेच हालचाल दिली होती. 'थर्टीन' अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तिथे ब्लॅक सॅबथला हे स्थान प्रथमच मिळत होते. जाहिरातींत मूळ बँडचे पुनरागमन गाजत असताना मूळ चौघांपैकी एकाची जागा मात्र रिकामी होती.

(१२)
'थर्टीन'चे अखेरचे गाणे संपते ते पाऊस, मेघगर्जना आणि घंटेच्या नादात. १९७० मध्ये उघडलेले दार त्याच आवाजाने मिटवले गेले. ऑझीसह झालेला हा ३५ वर्षांतील पहिला स्टुडिओ अल्बम बँडचा शेवटचाही ठरला. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये निरोपाच्या दौऱ्याची सांगता झाली. त्याही रात्री वॉर्ड मंचावर नव्हता.

(१३)
५ जुलै २०२५. स्थळ व्हिला पार्क, ॲस्टनमधील फुटबॉलचे मैदान. पार्किन्सनने ग्रासलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि मागे ढोलांवर बिल वॉर्ड होता. सुमारे २० वर्षांनी चौघे एकत्र वाजवत होते, तेही जिथे वाढले त्याच वस्तीत. २२ जुलै रोजी ऑझीचे निधन झाले.

(१४)
पुनरागमनाचा इतिहास बहुधा विक्रीच्या आकड्यांत आणि यादीतील क्रमांकांत लिहिला जातो. त्या हिशेबाने ब्लॅक सॅबथ २०१३ मध्ये परतला. माणसांच्या हिशेबाने तो परतला २०२५ मध्ये, एकाच संध्याकाळपुरता आणि एकही नवे गाणे न घेता. पहिली तारीख नोंदवहीत सहज सापडते. दुसरी शोधायची असेल, तर छायाचित्रात कोण आहे याआधी कोण नाही, हे पाहावे लागते.