दुसरी सीडी

गेले दोन वीकेंड रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इकडे काही खरडता आलं नाही. असो. आज जरा निवांत आहे आणि विषय डोक्यात बरेच दिवस घोळतोय.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना शनिवारी रात्री रूमवर पिक्चर बघायचा आमचा रिवाज होता. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने व्हीसीडी आणायची, एकाच्या काँप्युटरपुढे आठ जणांनी गादीवर दाटीवाटीने बसायचं. व्हीसीडी म्हणजे एका पिक्चरच्या दोन सीड्या, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल. एका शनिवारी जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' आणला. पहिली सीडी संपली तेव्हा खोलीत कुणीही बोलत नव्हतं. दुसरी सीडी घातली, ती दहा मिनिटं चालली आणि अडकली. फडक्याने पुसली, टूथपेस्ट लावून पाहिली, काही उपयोग नाही. शेवट काय झाला असेल यावर आम्ही पहाटेपर्यंत भांडलो. भुताचा पिक्चर अर्धवट राहिला म्हणून आठ इंजिनिअर पहाटेपर्यंत भांडतात, तर त्या पिक्चरमध्ये काहीतरी असणारच ना!

तेव्हा मला हे माहीत नव्हतं की हाच पिक्चर १९८२ साली साफ पडला होता. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं आणि आधी पाहून यावं. पुढे सगळं फोडून सांगणार आहे.)

मूळ गोष्ट बरीच जुनी. जॉन कॅम्पबेल नावाच्या विज्ञानकथा लेखकाने १९३८ साली टोपणनावाने ती छापली. अंटार्क्टिकावर काही शास्त्रज्ञांना बर्फात गाडलेला परग्रहावरचा जीव सापडतो, तो वितळतो आणि मग कळतं की हा जीव कुणाचंही हुबेहूब रूप घेऊ शकतो. १९५१ साली हॉलिवूडने तिच्यावर सिनेमा काढला, पण रूप बदलण्याची मुख्य कल्पनाच गाळून टाकली. राहिला एक धिप्पाड, वनस्पतीपासून बनलेला माणूस. म्हणजे गुळाशिवाय पुरणपोळी. तरी तो सिनेमा चालला. कार्पेंटर लहानपणापासून त्याच्या प्रेमात होता, इतका की त्याच्या 'हॅलोवीन'मधली (१९७८) पोरं टीव्हीवर तोच सिनेमा बघताना दिसतात. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तो कॅम्पबेलच्या मूळ कथेकडे गेला.

बारा माणसं, एक तळ, बाहेर बर्फ. या बारांपैकी काही माणसं आता माणसं नाहीत. कोण ते माहीत नाही. बस, एवढंच!

हा पिक्चर २५ जून १९८२ ला लागला. त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी, ११ जूनला, स्पीलबर्गचा 'ई.टी.' लागला होता. एक गोड परग्रहवासी, सायकलवर पोरं, थिएटरात रुमाल बाहेर. अख्खी अमेरिका त्या बाहुल्याच्या प्रेमात पडलेली असताना कार्पेंटर कुत्र्याचं तोंड फाटून त्यातून तंतू बाहेर येणारा परग्रहवासी घेऊन आला. त्याच दिवशी रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर'ही लागला आणि तोही आपटला. 'द थिंग'ला दीड कोटी डॉलर खर्च आला होता, अमेरिकेत तिकीटविक्री झाली दोन कोटींच्या जरा आत. त्यातले जवळजवळ निम्मे थिएटरवाल्यांचे, म्हणजे हिशोब तोट्याचाच. समीक्षकांनी तर धुतलंच. किळसवाणा, थंड, पात्रांमध्ये जीव नसलेला असे आहेर मिळाले. एन्निओ मोरिकोनेच्या संगीताला 'सर्वात वाईट संगीत' म्हणून रॅझीचं नामांकन मिळालं. कार्पेंटरच्या हातातला 'फायरस्टार्टर' काढून दुसऱ्याला दिला गेला.

आता प्रश्न असा की का पडला? 'ई.टी.'मुळे पडला हे उत्तर सोपं आहे आणि काही अंशी खरंही आहे. शेवट निराशाजनक म्हणून पडला असंही म्हणतात. हे मात्र मला पटत नाही, कारण निराशाजनक शेवटाचा एक सिनेमा त्याआधी धो धो चालून गेला होता.

तो म्हणजे जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट काढणाऱ्या मंडळींनी जवळपास एक लाख चौदा हजार डॉलरमध्ये ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढलेला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि त्या भानगडीत नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली, त्यामुळे सिनेमा फुकट सगळ्यांचा झाला. (एक ओळ कॉमेंट करून ठेवली की काय होतं, याचं याहून महाग उदाहरण मला माहीत नाही.) मेलेली माणसं उठून जिवंतांना खातायत आणि सात जण एका शेतघरात अडकलेत. या सातांपैकी शेवटी एकही वाचत नाही. नायक बेन रात्रभर झुंजतो आणि सकाळी मदतीला आलेली बंदूकवाली टोळीच त्याला प्रेत समजून गोळी घालते. बेनचं काम करणारा ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होता आणि वर्ष होतं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाचं. त्या काळच्या प्रेक्षकाला तो शेवट कुठे लागला असेल, हे सांगायला नको.

पण त्या सिनेमातली मला सर्वात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. घरात दोन तट पडतात. बेन म्हणतो, वर राहू, दारं-खिडक्या ठोकून बंद करू. हॅरी कूपर नावाचा एक चिडका, स्वार्थी माणूस म्हणतो, तळघरात जाऊन आतून कडी लावू. आपण अर्थातच बेनच्या बाजूने असतो. हॅरी असा रंगवलाय की त्याच्या बाजूने कोण जाईल? आणि शेवटी बेन वाचतो कुठे, तर तळघरात! म्हणजे हॅरीचं बरोबर होतं. सिनेमा हे ओरडून सांगत नाही, कुणी पात्र तसं बोलूनही दाखवत नाही. आपण घरी येऊन जेवताना अचानक लक्षात येतं, अरेच्चा...

माझी कसोटी इथून सुरू होते. 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल' या जपानी गेममुळे. ज्यांनी तो खेळलाय त्यांना माहीत आहे की भीती झोंबींची नव्हती, भीती गोळ्यांची होती. सहा गोळ्या उरल्यात, समोर दोन झोंबी आहेत, मारू की पळू? गेम सेव्ह करायलासुद्धा शाईची रिबन लागायची आणि त्याही मोजक्याच. त्यावरून २००२ साली सिनेमा निघाला आणि त्यात मला त्या रिबनची टंचाई कुठेच जाणवली नाही. मारामारी झकास आहे, पैसेही चांगले मिळवले, पण जिवाची धाकधूक नाही. जगण्याचा सिनेमा म्हटलं की काय उरलंय याचा हिशोब प्रेक्षकाला सतत ठाऊक असायला हवा. आपल्याकडे महिनाअखेरीला घरातली बाई डबे उघडून बघते, तसा.

'द थिंग'मध्ये हा हिशोब फार पक्का आहे. आधी हेलिकॉप्टर जातं, मग रेडिओ. रक्ताच्या पिशव्या होत्या, त्यावर चाचणी करता आली असती, त्या कुणीतरी फोडून ठेवलेल्या सापडतात. किल्ली कुणाकडे होती? त्याक्षणी रक्ताबरोबर आणखी एक साठा संपतो, तो म्हणजे एकमेकांवरचा भरवसा. हेलिकॉप्टर आणि रेडिओ फोडणारा ब्लेअर हा राक्षस नाही (निदान तेव्हा तरी नसावा), तो शास्त्रज्ञ आहे. त्याने काँप्युटरवर आकडेमोड केली आहे, की हा जीव वस्तीपर्यंत पोचला तर २७,००० तासांत सगळं जग गेलं. मी भागाकार करून पाहिला, तीन वर्षं आणि वर महिनाभर. ब्लेअर वेडा वाटतो, पण त्याचं गणित बरोबर आहे. पुन्हा तोच हॅरी कूपर!

आणि मग ती रक्ताची चाचणी. मॅकरेडी सगळ्यांना बांधतो, प्रत्येकाचं रक्त बशीत घेतो आणि तांब्याची तार तापवून त्यात बुडवतो. राक्षसाचं रक्त असेल तर ते स्वतःचा जीव वाचवायला पळेल, असा तर्क. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो तो दचकवतो म्हणून. मला आठवतो तो क्लार्कसाठी. चाचणीला विरोध करताना क्लार्क चाकू घेऊन धावतो आणि मॅकरेडी त्याला गोळी घालतो. मग मेलेल्या क्लार्कचंही रक्त तपासतात. ते माणसाचं निघतं. म्हणजे आपल्या नायकाने एका माणसाला मारलं. एक जण ते तोंडावर बोलूनही दाखवतो. आणि तार पुन्हा तापते, कारण थांबायला वेळच नाही. अशा ठिकाणी पार्श्वसंगीत वाढवून डोळ्यात पाणी आणण्याचा मोह किती झाला असता! कार्पेंटरने तो आवरला. १९८२ च्या समीक्षकांना तो थंड वाटला तो बहुतेक यामुळेच.

मग रोमेरो चालला आणि कार्पेंटर का नाही? मला वाटतं, फरक शेवट वाईट असण्यात नाही, शेवट कळण्यात आहे. बेन मेला हे आपल्याला कळतं. रिडली स्कॉटच्या 'एलियन'मध्ये (१९७९) रिप्ली वाचली हेही कळतं. 'द थिंग'च्या शेवटी जळत्या तळापुढे मॅकरेडी आणि चाइल्ड्स बसलेत, दोघांनाही दुसऱ्याची खात्री नाही आणि आग विझली की दोघंही गारठून मरणार आहेत. राक्षस मारायला त्यांनी जे जाळलं तोच त्यांचा निवारा होता. कार्पेंटरने मॅकरेडी वाचतो आणि चाचणीत माणूस ठरतो असा एक शेवट चित्रित करून ठेवला होता, पण वापरला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पॉपकॉर्न घेऊन आलेल्या माणसाला अनुत्तरित प्रश्न देऊन घरी पाठवणं हा धंद्याच्या दृष्टीने गाढवपणाच होता. मात्र त्याच प्रश्नाने पिक्चर जगवला. घरोघरी व्हिडिओ कॅसेट आल्या आणि लोक रिवाइंड करून बघायला लागले, की हा नक्की कधी बदलला, त्या खोलीत कोण एकटा होता, तो कोट कुणाचा.

राक्षसाबद्दलही लिहायला हवं. तो बनवणारा रॉब बॉटिन जेमतेम बाविशीतला होता. वर्षभराहून जास्त तो स्टुडिओतच राबला, तिथेच झोपला आणि शेवटी दमून हॉस्पिटलात भरती झाला. रबर, रसायनं, जेली, दोऱ्या, खालून हलवणारी माणसं. छाती फाटून तिचं तोंड होतं तो प्रसंग पाहताना कळतं की हे काहीतरी खरंच तिथे होतं, नटांच्या समोर होतं, ओलं होतं. आतला तळ लॉस एंजेलिसमध्ये थंड केलेल्या स्टुडिओत उभारला होता, बाहेर रणरणता उन्हाळा. बाहेरचे प्रसंग कॅनडात बर्फात. सुरुवातीला दिसणारा नॉर्वेजियन लोकांचा जळका तळ म्हणजे त्यांचाच सेट, शेवटचा जाळपोळीचा प्रसंग उरकल्यावर उरलेला! काटकसर म्हणतात ती ही.

२०११ साली त्या नॉर्वेजियन तळाची गोष्ट सांगणारा नवा 'द थिंग' आला. त्यासाठीही कारागिरांनी खरे पुतळे बनवले होते, मेहनतीने. पण पडद्यावर येईपर्यंत त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी काँप्युटरची चित्रं चढवली गेली. माझा धंदाच काँप्युटरचा, तेव्हा मी त्याला नावं ठेवू नयेत, पण तो राक्षस वजनच घेत नाही. फरशीवर पाय पडतो आणि फरशीला कळत नाही. सिनेमा पडला, आणि याला कुणी अजून तरी पुन्हा उचलून धरलेलं नाही. एक श्रेय मात्र द्यायला हवं. त्यात एक चाचणी आहे. हा जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून दातात चांदी भरलेली माणसं सुटली. ज्यांचे दात धड, ते संशयित. चांगले दात असणं हा गुन्हा! कल्पना झकास होती. पण त्यानंतर सिनेमा संशय सोडून पाठलागावर जातो, आणि पाठलाग सुरू झाला की हिशोब संपतो.

नील मार्शलच्या 'द डिसेंट'चं (२००५) उदाहरण थोडक्यात. सहा बायका गुहेत अडकतात. राक्षस येईपर्यंत अर्ध्याहून अधिक सिनेमा संपलेला असतो आणि तोवर आपण केवळ एका चिंचोळ्या भगदाडाने अर्धमेले झालेलो असतो. इंग्लंडातल्या प्रतीत नायिका बाहेर पडते, गाडीत बसते, आणि मग कळतं की ती अजून गुहेतच आहे. अमेरिकेत दाखवताना तो शेवटचा तुकडा कापला. मी दोन्ही पाहिले. कापलेला पाहून झोप लागली, एवढंच सांगतो.

आपल्याकडे 'तुंबाड'चंही थोडं असंच झालं. २०१८ ला लागला तेव्हा बेताचाच चालला, २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई. नारायण धारप वाचून वाढलेल्यांना त्याचं कौतुक आधीपासून होतं, पण थिएटर भरायला सहा वर्षं जावी लागली.

मोरिकोनेचं काय झालं? 'द थिंग'साठी रचलेल्या पण न वापरलेल्या संगीतातला काही भाग टॅरँटिनोने 'द हेटफुल एट'मध्ये (२०१५) घेतला. तोही बर्फात अडकलेल्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांचा सिनेमा, आणि त्यातही कर्ट रसेलच. त्या सिनेमासाठी मोरिकोनेला २०१६ साली ऑस्कर मिळालं. रॅझीपासून ऑस्करपर्यंत तेहतीस वर्षं.

दुसरी सीडी मला चांगली मिळाली ती नोकरी लागल्यावर. बघितली, आणि त्याच रात्री माझ्या जुन्या रूममेटला फोन लावला. तो तेव्हा मिनेसोटात ऑनसाइट होता, बाहेर उणे वीस. त्याने शेवट माझ्याआधीच पाहिला होता, पण सांगितला नव्हता, लेकाचा. तासभर बोललो. त्याचं म्हणणं, चाइल्ड्स माणूस नव्हता. माझं म्हणणं, होता. आजही त्याचा मेल आला की खाली शेवटी एक ओळ असते, "तो नव्हताच."