तंजावरच्या राजांचे फिरते बिऱ्हाड

कावेरीकाठच्या ज्या तिरुवैयारु क्षेत्री पौषातही अंगावर एक उपरणे पुरते, तेथे हिवाळ्यातले तंबूचे बिऱ्हाड ही कल्पना परकीच; तथापि याच मुलखाचे मराठे अधिपती दुसरे सरफोजीराजे 1820 साली सुमारे 3000 माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले आणि 1822 पर्यंत त्यांचा दरबार मुक्कामामागून मुक्काम करीत राहिला.

अशा प्रवासाची सारी मदार फर्राशखान्यावर, म्हणजे तंबू-बिछायतीच्या खात्यावर असे. संपन्न स्वाऱ्या डेऱ्यांचे दोन संच बाळगीत, म्हणजे एकात धनी निजलेले असताना दुसरा पुढल्या तळाकडे रवाना होई. थंडीसाठी डेरा दुहेरी कापडाचा, कारण दोन पदरांमधील कोंडलेली हवा ऊब राखी. भोवती वारा अडविणाऱ्या कनाती. आणि दवाने भिजलेले ताणे आखडून मेखा उपटू नयेत म्हणून फर्राश ते रात्री किंचित सैल करीत.

कंपनीसरकारने 1799 च्या तहान्वये राज्यकारभार हिरावून घेतलेल्या या राजाने काशीहून हस्तलिखिते जमवून सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, हे मला त्या साऱ्या लवाजम्याहून थोर वाटते. याच प्रवासावर रचलेल्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ दक्षिणेतील मराठीचे अस्सल धन होत.